दुसऱ्याने तयार केलेल्या ॲन्सिस फाइलमधील ट्री कशी वाचावी?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका लहान डिझाइन कार्यालयात मी काम करते. उपसा सिंचनासाठी लागणाऱ्या आडव्या पंपांच्या बेस फ्रेमची (पंप आणि मोटर ज्यावर बसवतात त्या पोलादी चौकटीची) मजबुती आम्ही ॲन्सिस मेकॅनिकल या संगणक प्रणालीत तपासून देतो. आमचे एक सहकारी पुण्याला नोकरीस गेले आणि त्यांनी अर्धवट ठेवलेली फाइल आता माझ्याकडे आली आहे. त्यांना फोन केला की ते सांगतात, परंतु त्यांचेही नवे काम आहे आणि रोज फोन करणे बरे दिसत नाही.

मूळ हिशेब मला कळतो. चॅनेलमधील ताण, वेल्डची जाडी, पायाच्या बोल्टवरील ओढ हे मी कागदावरही काढू शकते. अडते ते पडद्याच्या डाव्या बाजूच्या ट्रीपाशी, म्हणजे मॉडेलमधील सर्व घटकांच्या फांद्याफांद्यांच्या मांडणीपाशी. 'मॉडेल' उघडले की इतक्या फांद्या पसरतात की त्या पडद्यावर मावत नाहीत. 'कॉन्टॅक्ट रीजन', 'कॉन्टॅक्ट रीजन २', 'कॉन्टॅक्ट रीजन ३' अशी रांगच लागलेली आहे आणि कोणता कॉन्टॅक्ट (भागांमधील जोड) कोणत्या दोन भागांमधला, हे क्लिक केल्याशिवाय समजत नाही. खाली 'स्टॅटिक स्ट्रक्चरल (ए५)', 'स्टॅटिक स्ट्रक्चरल २ (बी५)' आणि 'मोडल (सी५)' अशी तीन विश्लेषणे आहेत; पहिली दोन स्थिर भारांची, तिसरे कंपनांचे. पहिल्या विश्लेषणाचे काम करताना मी एक कॉन्टॅक्ट सप्रेस केला (गणितातून वगळला), तर तिन्ही सोल्यूशनवर पिवळी वीज दिसू लागली. असे का व्हावे? शिवाय चित्रात पंपाचे आवरण आणि फ्रेम दिसते, मोटर मात्र कुठेच दिसत नाही. तिचे वजन हिशेबात धरले आहे की नाही, हे ट्रीमध्ये कुठे पाहायचे?

एकेक फांदी उघडून पाहत बसण्याऐवजी काही पद्धत असल्यास कृपया सांगावी.

भडंगप्रेमी, मिरज

ताई, सर्वांत आधी एक खात्री करून घ्या. तुमच्याकडे केवळ डब्ल्यूबीपीजे ही प्रकल्पाची मुख्य फाइल आली आहे, की तिच्या शेजारचे त्याच नावाचे, शेवटी 'फाइल्स' असे लिहिलेले फोल्डरही आले आहे? प्रत्यक्ष मजकूर त्या फोल्डरमध्ये असतो आणि ते सोबत नसेल तर प्रकल्प धड उघडत नाही. यापुढे कुणाकडून काही मागवायचे झाल्यास 'आर्काइव्ह' करून डब्ल्यूबीपीझेड स्वरूपातच मागवा, म्हणजे सर्व काही एकाच पुडक्यात येते.

कृष्णाकाठ, सांगली

फोल्डर सोबत आले आहे. भूमिती, मेश (गणितासाठी भागांचे केलेले बारीक तुकडे) आणि जुने निकाल सर्व दिसतात.

घाटमाथा, कराड

ताईंचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर समजले की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते.

ही ट्री म्हणजे आज्ञांची यादी आहे असे समजून आपण तिच्याकडे पाहतो आणि तिथेच घोटाळा होतो. ट्रीमधील ओळ कोणत्या फांदीखाली बसली आहे, यावरून तिचा अंमल कुठपर्यंत चालतो हे ठरते. 'मॉडेल'च्या थेट खाली असलेल्या 'जॉमेट्री', 'मटेरियल्स', 'कोऑर्डिनेट सिस्टिम्स', 'कनेक्शन्स', 'मेश' आणि 'नेम्ड सिलेक्शन्स' या फांद्या त्या मॉडेलमधील सर्व विश्लेषणांना सामाईक असतात. 'स्टॅटिक स्ट्रक्चरल'च्या खाली असलेले आधार आणि भार मात्र त्या एका विश्लेषणापुरते असतात. तुम्ही सप्रेस केलेला कॉन्टॅक्ट 'कनेक्शन्स'मध्ये, म्हणजे सामाईक भागात होता. त्यामुळे तिन्ही विश्लेषणांचे जुने निकाल शिळे झाले आणि पिवळ्या विजेने तुम्हाला तेच सांगितले. त्याऐवजी पहिल्या विश्लेषणातील एखादा 'फोर्स' सप्रेस केला असता, तर वीज केवळ ए६ वर, म्हणजे पहिल्या विश्लेषणाच्या सोल्यूशनवर, दिसली असती.

कंसातील अक्षरे आणि अंक पुष्कळ जण पाहूनही न पाहिल्यासारखे करतात. ते वर्कबेंचच्या (ॲन्सिसच्या ज्या मुख्य खिडकीतून मेकॅनिकल उघडते तिच्या) प्रकल्प पानावरील चौकटींचे पत्ते आहेत. अक्षर म्हणजे स्तंभ आणि अंक म्हणजे ओळ. स्टॅटिक स्ट्रक्चरलच्या स्तंभात दुसऱ्या ओळीत इंजिनिअरिंग डेटा, तिसरीत जॉमेट्री, चौथीत मॉडेल, पाचवीत सेटअप, सहावीत सोल्यूशन आणि सातवीत रिझल्ट्स असतात. तुमच्या ट्रीमध्ये ए५, बी५ आणि सी५ एकाच मॉडेलखाली दिसतात, याचा अर्थ बी आणि सी हे स्तंभ ए४ वरून जोडून घेतलेले आहेत आणि मेश तिघांचा एकच आहे. एखाद्या विश्लेषणाला वेगळा मेश किंवा वेगळे कॉन्टॅक्ट द्यायचे असतील, तर मेकॅनिकलमध्ये झटापट करू नका; वर्कबेंचच्या पानावर जाऊन 'मॉडेल'च्या चौकटीपासून डुप्लिकेट करा. तेव्हा त्याची स्वतंत्र ट्री तयार होते.

आता चिन्हांविषयी. निळे प्रश्नचिन्ह असेल तर त्या ओळीत काहीतरी भरायचे राहिले आहे; बहुधा ती ओळ कोणत्या पृष्ठभागावर लागू करायची हे निवडलेले नसते. हिरवी खूण म्हणजे सर्व ठीक. पिवळी वीज म्हणजे गणित अजून व्हायचे आहे आणि सोल्यूशनवरील लाल वीज म्हणजे ते फसले आहे. फुली म्हणजे ती ओळ सप्रेस केलेली आहे. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. 'हाइड' केलेला भाग केवळ डोळ्यांआड होतो आणि गणितात तसाच राहतो, तर 'सप्रेस' केलेला भाग गणितातूनच बाहेर जातो. चित्रात दोन्ही सारखेच अदृश्य असतात, त्यामुळे चित्रावर विसंबू नये, ट्रीमधील खूण पाहावी.

मोटरचे म्हणाल, तर तिचे पूर्ण चित्र कुणी काढत बसत नाही. मोटरच्या जागी 'पॉइंट मास' (एका बिंदूत एकवटलेले वस्तुमान) ठेवण्याची पद्धत आहे आणि तो भारांच्या यादीत सापडणार नाही, कारण तो 'जॉमेट्री'खाली बसतो. 'जॉमेट्री'ची फांदी पूर्ण उघडून शेवटपर्यंत खाली जा.

कंदीपेढा, सातारा

घाटमाथा यांनी पाया घालून दिला आहे, मी कॉन्टॅक्टच्या रांगेपुरते लिहितो.

ट्रीमधून भागाकडे जाण्याऐवजी भागाकडून ट्रीमध्ये या. चित्रात पंपाचा पाय आणि त्याखालील पॅड असे दोन भाग निवडा, उजवे क्लिक करा आणि 'गो टू' उघडा. तिथे निवडलेल्या भागांचे कॉन्टॅक्ट दाखवणारी ओळ आहे आणि निवडलेल्या दोन्ही भागांना सामाईक असलेले कॉन्टॅक्ट दाखवणारी दुसरी ओळ आहे. दुसरी वापरली की ट्रीमध्ये नेमका तोच कॉन्टॅक्ट निवडला जातो. याच 'गो टू'मध्ये एकही कॉन्टॅक्ट नसलेले भाग शोधून देणारी सोय आहे. बेस फ्रेमसारख्या वेल्ड करून जोडलेल्या कामात ती फार मोलाची ठरते, कारण एखादी गसेट प्लेट (कोपऱ्याला बळकटी देणारी पट्टी) कशालाच न जोडलेली राहिली, तर सॉल्व्हर (गणित सोडवणारा भाग) ती हवेत तरंगते असे समजतो आणि आपण त्याच्या इशाऱ्यांचा अर्थ लावत बसतो.

नावांसाठी 'कनेक्शन्स'खालील सर्व कॉन्टॅक्ट एकदम निवडून उजव्या क्लिकने 'रीनेम बेस्ड ऑन डेफिनिशन' द्यावे. 'कॉन्टॅक्ट रीजन १७'च्या जागी कॉन्टॅक्टचा प्रकार आणि दोन्ही भागांची नावे असलेली ओळ येते. अर्थात त्याआधी 'जॉमेट्री'मधील भागांना नावे दिलेली हवीत, नाहीतर एका निरर्थक नावाच्या जागी दुसरे निरर्थक नाव बसेल. एफ२ दाबून नाव बदलता येते. फ्रेममधील लांब चॅनेल, आडवे चॅनेल, पंपाचे पॅड, मोटरचे पॅड आणि पायाच्या प्लेट एवढ्यांना नावे दिली तरी पुरे.

आणखी एक. फाइल आयात होताना जवळजवळ असलेल्या पृष्ठभागांमध्ये कॉन्टॅक्ट आपोआप तयार होतात आणि ते सर्व 'बाँडेड' (पक्के चिकटलेले) असतात. वेल्डसाठी ते योग्य आहे. परंतु बोल्टने आवळलेला पाय आणि पॅड यांच्यातही 'बाँडेड' राहिले असेल, तर फ्रेम प्रत्यक्षापेक्षा अधिक ताठ दिसते. तेव्हा 'कनेक्शन्स' निवडून वर्कशीट उघडा आणि प्रकारांचा रकाना एकदा वरून खाली वाचून काढा.

वेल्डिंगवाला, इस्लामपूर

एवढे नामकरण करण्यात अर्धा दिवस जातो आणि ग्राहकाला त्याचे काही सोयरसुतक नसते. माझा अनुभव असा की प्रत्येक भारस्थितीची फाइलच वेगळी ठेवावी. ट्री लहान राहते आणि गोंधळ होत नाही.

घाटमाथा, कराड

मला हे पटत नाही. तीन फाइली केल्या की फ्रेममध्ये एक आडवे चॅनेल वाढवायचे झाल्यास तो बदल तीन ठिकाणी करावा लागतो आणि तिसऱ्या ठिकाणी तो करायचा राहून जातो. एकाच मॉडेलखाली विश्लेषणे ठेवण्याचा हेतूच हा आहे की भूमिती आणि मेश एकदाच बदलावेत. शिवाय रेषीय विश्लेषणे एकाच मॉडेलखाली असतील, तर 'मॉडेल'वर 'सोल्यूशन कॉम्बिनेशन' घालून स्वतःचे वजन, नोझलवरील (पंपाला पाइप जोडायच्या तोंडांवरील) भार आणि मोटरचा पीळ यांचे निकाल गुणकांसह एकत्र करता येतात. वेगळ्या फाइलींमध्ये ही सोय हातची जाते.

ट्री लांब वाटत असेल, तर ती लहान करण्यापेक्षा तिच्यात घड्या घालाव्यात. एकाच जातीच्या ओळी निवडून 'ग्रुप' करा. 'पायाचे बोल्ट', 'वेल्ड जोड', 'नोझल भार' असे गट झाले की पडदाभर ओळींच्या मोजक्या ओळी उरतात. गटामुळे गणितात काहीही बदल होत नाही.

वेल्डिंगवाला यांच्या म्हणण्यात तथ्य एवढेच की ज्याला फाइल पुन्हा कधी उघडायचीच नाही, त्याने नावे देण्यात वेळ घालवू नये. या धाग्याचा उगम मात्र फाइल दुसऱ्याच्या हाती गेल्यामुळेच झाला आहे.

वेल्डिंगवाला, इस्लामपूर

कॉम्बिनेशनचा मुद्दा मान्य. नामकरणाविषयी माझे मत कायम आहे.

कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. 'जॉमेट्री' शेवटपर्यंत उघडली, तर सर्वांत खाली 'पॉइंट मास' आहे आणि त्यावर फुली आहे. तपशिलात ६२० किलो लिहिलेले आहे. म्हणजे मोटर घातली होती आणि नंतर कधीतरी सप्रेस केली. आता प्रश्न असा की अशा किती गोष्टी सप्रेस केलेल्या असतील, हे एकदम कसे पाहायचे? दुसरे म्हणजे पंपाचे आवरण ओतीव लोखंडाचे आहे, पण 'मटेरियल्स'खाली मला केवळ 'स्ट्रक्चरल स्टील' दिसते.

कंदीपेढा, सातारा

ट्रीच्या वर गाळणी आहे. ती 'नेम'वर असते. ती 'स्टेट'वर न्या आणि 'सप्रेस्ड' निवडा. फुली असलेल्या ओळी तेवढ्या उरतील. त्याच ठिकाणी 'अंडरडिफाइंड' निवडले की प्रश्नचिन्हवाल्या ओळी दिसतात. काम झाल्यावर गाळणी काढून टाकायला विसरू नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी ट्री रिकामी पाहून माणूस घाबरतो.

मटेरियलचे तुमचे निरीक्षण अचूक आहे. कुणी बदलले नाही तर प्रत्येक भागाला 'स्ट्रक्चरल स्टील' लागते. त्याचा यंग मोड्यूलस (ताठरतेचे माप) २०० गिगापास्कल, घनता घनमीटरला ७८५० किलो आणि यील्ड (ज्या ताणाला ते कायमचे वाकू लागते ती मर्यादा) २५० मेगापास्कल धरलेली असते. आय. एस. २०६२ या भारतीय मानकाच्या ई२५० पोलादातील, २० मि.मी.पेक्षा पातळ चॅनेलना हे आकडे चालून जातात, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. करड्या ओतीव लोखंडाचा मोड्यूलस ॲन्सिसच्या संग्रहात ११० गिगापास्कल आणि घनता ७२०० आहे, म्हणजे आवरण प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ दुप्पट ताठ धरले गेले आहे. इंजिनिअरिंग डेटामध्ये ते मटेरियल आणून 'जॉमेट्री'खालील आवरणाच्या ओळीवर नेमून द्यावे. ही ओळही सामाईक भागातील असल्यामुळे तिन्ही सोल्यूशनवर पुन्हा वीज चमकेल.

वीजवितरक, वाई

गुरुत्वाकर्षण कोणत्या ओळीने दिले आहे तेही पाहून घ्यावे. 'स्टँडर्ड अर्थ ग्रॅव्हिटी' असेल तर तिचा बाण वजन ज्या दिशेने लागते त्याच दिशेने असतो. मात्र ती सुरुवातीला उणे झेड दिशेला असते, त्यामुळे फ्रेम वाय दिशेला उभी काढलेली असल्यास दिशा बदलावी लागते. काही जण त्याऐवजी 'ॲक्सिलरेशन' घालतात. तेथे आपण देतो ते संपूर्ण रचनेचे त्वरण आणि जडत्वाचे बल त्याच्या उलट दिशेने लागते. 'ॲक्सिलरेशन'चा बाण खाली केला, तर फ्रेम वर वाकलेली दिसते. ट्रीमध्ये दोन्ही ओळी एकाच ठिकाणी बसतात आणि दोन्हींवर हिरवी खूण असते. खूण पाहून हा दोष कळत नाही.

घाटमाथा, कराड

वाईकरांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो तपासण्याचा सोपा मार्ग सोल्यूशनच्या फांदीतच आहे. केवळ स्वतःचे वजन लावलेले विश्लेषण घ्या, 'सोल्यूशन'खाली 'फोर्स रिॲक्शन' प्रोब घाला आणि सर्व आधारांच्या उभ्या प्रतिक्रियांची बेरीज करा. ती फ्रेम, पंप आणि मोटर यांच्या एकूण वस्तुमानाला ९.८०६६ ने गुणून येणाऱ्या आकड्याइतकी असली पाहिजे. एखादे वस्तुमान सप्रेस आहे का, मटेरियलची घनता चुकली आहे का, बाण कुठे वळला आहे, याचा झाडा या एका आकड्यात होतो.

कृष्णाकाठ, सांगली

तपासले. गुरुत्वाकर्षण 'स्टँडर्ड अर्थ ग्रॅव्हिटी'ने आणि योग्य दिशेने दिलेले आहे. आवरणाचे मटेरियल बदलल्यानंतर फ्रेम आणि पंप मिळून १२३० किलो भरतात आणि प्रतिक्रियांची बेरीज १२.०६ किलोन्यूटन आली. पॉइंट मास अनसप्रेस करून पुन्हा सोडवले, तेव्हा ती १८.१४ किलोन्यूटन झाली. १८५० किलोच्या हिशेबाने हीच अपेक्षित होती. चॅनेलमधील ताण वाढला, तरी मर्यादेच्या बराच खाली आहे, त्यामुळे त्याची चिंता नाही.

परंतु मोडलचा निकाल पाहून मी थबकले. मोटरशिवाय पहिली नैसर्गिक वारंवारता ३१.४ हर्ट्झ होती, ती आता २५.८ हर्ट्झ झाली. मोटर मिनिटाला १४८० फेऱ्यांची आहे.

वीजवितरक, वाई

१४८० भागिले ६० म्हणजे २४.६७ हर्ट्झ. तुमच्या फ्रेमची नैसर्गिक वारंवारता मोटर फिरण्याच्या वारंवारतेच्या पाच टक्क्यांच्या आत आली आहे, म्हणजे अनुनादाने फ्रेम जोरात थरथरण्याचा धोका आहे. हे तसेच पाठवू नका.

घाटमाथा, कराड

आधी पॉइंट मासच्या तपशिलात 'बिहेविअर' काय आहे ते पाहा. 'रिजिड' असेल, तर मोटरचे चारही पॅड एकमेकांना कडक बांधल्यासारखे वागतात आणि फ्रेम प्रत्यक्षापेक्षा ताठ भासते. म्हणजे खरी वारंवारता २५.८ पेक्षाही खाली असण्याची शक्यता आहे. 'डिफॉर्मेबल' असेल, तर पॅडना आपापले वाकण्याची मोकळीक मिळते. मोटरचे बूड स्वतः किती ताठ आहे यावर योग्य पर्याय अवलंबून आहे, म्हणून दोन्ही करून पाहावेत. मोडलमध्ये साधे भार गणितात येत नाहीत, वस्तुमान आणि ताठरता तेवढीच येते. हे काम प्री-स्ट्रेस (स्थिर विश्लेषणातील ताण) न जोडता केलेले असेल, तर ए५ मधील नोझल भारांचा सी५ वर काहीही परिणाम नाही. 'जॉमेट्री'खालील ती एक फुली मात्र थेट सी६ पर्यंत पोहोचली होती.

कृष्णाकाठ, सांगली

'डिफॉर्मेबल' आहे. 'रिजिड' करून पाहिले तर २७.१ हर्ट्झ येते. मोटरखाली एक आडवे चॅनेल आणि दोन गसेट वाढवावेत असे वाटते. भूमिती बदलल्यावर ट्रीमध्ये लावलेले सर्व भार आणि आधार पुन्हा निवडावे लागतील का?

कंदीपेढा, सातारा

ज्या पृष्ठभागांची ओळख भूमिती अद्ययावत करताना हरवेल, त्यांच्या ओळींवर प्रश्नचिन्हे येतील. म्हणून बदल करण्यापूर्वी पायाच्या प्लेटचे तळ, पंपाचे पॅड, मोटरचे पॅड आणि नोझलची तोंडे यांची नेम्ड सिलेक्शन्स (नाव दिलेल्या निवडी) करून ठेवा आणि शक्य तिथे ती हाताने न निवडता वर्कशीटमधील निकषांनी करा. उदाहरणार्थ, ठरावीक उंचीवर असलेले सर्व सपाट पृष्ठभाग. निकषांवर आधारलेली निवड भूमिती बदलल्यानंतर पुन्हा तयार करता येते. त्यानंतर प्रत्येक आधाराच्या आणि भाराच्या तपशिलात भूमितीची थेट निवड काढून नेम्ड सिलेक्शन द्यावे. नावांत रिकाम्या जागा ठेवू नका, सॉल्व्हरच्या फाइलीत त्यांच्या जागी अधोरेषा येतात आणि पुढे कुणी आज्ञा लिहायला बसले तर नाव जुळत नाही.

पॉइंट मासची ओळ निवडून तिच्यावर एक 'कॉमेंट' घाला. मोटरचे ६२० किलो कुठल्या तक्त्यातून घेतले, गुरुत्वमध्य पॅडपासून किती उंचीवर धरला आणि ही ओळ कोणत्याही विश्लेषणासाठी सप्रेस करू नये, हे तिथेच लिहून ठेवा.

कृष्णाकाठ, सांगली

कॉमेंट घातली आहे. नेम्ड सिलेक्शन्स आज करते आणि चॅनेल वाढवल्यानंतरची वारंवारता याच धाग्यावर कळवते.